वास, लक्षण आणि निर्णय : कोडमधले दोष शोधणाऱ्या यंत्रांचा इतिहास

आज आपण ज्या विषयाचा इतिहास पाहणार आहोत, तो वरवर पाहता निव्वळ संगणकवाल्यांचा वाटेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात ‘कोड स्मेल’ असा एक शब्द येतो. कोडला वास येणे. म्हणजे प्रोग्राम चालतोय, उत्तरंही बरोबर देतोय, पण वाचणाऱ्या जाणत्या माणसाला त्यात काहीतरी खटकतंय. हा वास माणसाऐवजी यंत्राने घ्यावा, आणि जमलं तर दुरुस्तीही यंत्रानेच करावी, असा प्रयत्न बरीच वर्षं चालू आहे. त्याच्या मुळाशी जे तंत्र आहे त्याला ‘स्टॅटिक अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. आपण त्याला स्थिर विश्लेषण म्हणू. स्थिर एवढ्याचसाठी, की यात प्रोग्राम चालवायचा नसतो. नुसता त्याचा मजकूर वाचून त्याच्याबद्दल काय सांगता येतं ते पाहायचं असतं.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात कशाला पडावं, असं कुणी विचारेल. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे. जाणत्या माणसाला जे पाहताक्षणी कळतं, ते नियमात बसवता येतं का? आणि बसवलं, तर आपण काय कमावतो आणि काय गमावतो? आज बँक, विमान, दवाखान्यातली यंत्रं, सगळं कोडवर चालतं. त्यामुळे हा प्रश्न आता पुस्तकात राहिलेला नाही.

सुरुवात एका मर्यादेपासून करू. १९३६ साली अ‍ॅलन ट्यूरिंगने दाखवलं, की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधी थांबेल की नाही, हे प्रत्येक वेळी बरोबर सांगणारी एकच सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. लक्षात घ्या, तेव्हा आजच्या अर्थाने संगणकही नव्हते. १९५३ साली हेन्री राइस या गणितज्ञाने ही मर्यादा आणखी रुंद केली. प्रोग्राम काय करतो याबद्दलचा कुठलाही खरोखरीचा प्रश्न घ्या, त्याचं सर्व प्रोग्रामांसाठी अचूक ‘हो’ किंवा ‘नाही’ देणारं यंत्र बांधता येत नाही. म्हणजे स्थिर विश्लेषणाचा धंदा सुरू व्हायच्या आधीच त्याच्या कपाळी लिहिलेलं होतं, की तू कुठेतरी चुकणार.

मग चुकायचं कसं, एवढंच हातात उरतं. इथे आपल्या न्यायशास्त्रातले दोन शब्द फार उपयोगी पडतात. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष सांगताना नैयायिक गाईचं उदाहरण देतात. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर त्यात म्हैसही येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. दोष शोधणारं यंत्र असंच असतं. ते निर्दोष कोडकडेही बोट दाखवेल, किंवा सदोष कोड त्याच्या नजरेतून सुटेल. दोन्ही एकदम टाळता येत नाही. मराठीत ‘लक्षण’ म्हणजे व्याख्याही आणि रोगाची खूणही. हा दुहेरी अर्थ आज शेवटपर्यंत आपल्याला लागणार आहे.

आता १९६८ मध्ये या. त्या वर्षी एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं एक छोटं पत्र संगणकशास्त्राच्या एका प्रमुख मासिकात छापून आलं. ‘गोटू’ ही आज्ञा घातक आहे, असा त्याचा मथळा. गोटू म्हणजे प्रोग्रामच्या एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी. डायक्स्ट्रांचं म्हणणं असं, की अशा उड्या फार झाल्या की मजकूर वाचून प्रोग्राम कसा चालेल याचा माग माणसाला लावता येत नाही. यात नवीन काय होतं? तर हे, की प्रोग्रामचा विचार केवळ यंत्राला दिलेली आज्ञा म्हणून न करता, माणसाने वाचायचा मजकूर म्हणूनही केला गेला. वासाची कल्पना इथेच रुजते, शब्द मात्र पुढे तीस वर्षांनी येतो.

१९७६ मध्ये टॉमस मॅककेब यांनी या गुंत्याला आकडा दिला. प्रोग्रामच्या एखाद्या भागात वाटा किती फुटतात, त्यावरून काढलेला तो आकडा. दहाच्या वर गेला तर सावध व्हा, अशी त्यांची सूचना होती. सूचना समंजस होती. पण आकडा एकदा जन्माला आला की त्याला स्वतःचं आयुष्य मिळतं. हे पुढे येईलच.

याच सुमारास दुसरीकडे वेगळंच काम चाललं होतं. आयबीएममध्ये फ्रान्सेस अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी प्रोग्राम जलद कसा चालेल, यासाठी त्याच्या मजकुराचं विश्लेषण करत होते. कुठली किंमत कुठे ठेवली, ती कुठवर पोचते, पुढे कुणी वापरते की नाही, असा हा माग. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी अशा विश्लेषणांना एकच गणिती चौकट दिली. उद्देश वेगाचा होता. पण जे गणित ‘ही किंमत पुढे कुणी वापरतच नाही, टाकून द्या’ असं सांगतं, तेच गणित ‘ही किंमत ठेवण्याआधीच वापरली गेली आहे, गडबड आहे’ असंही सांगू शकतं. वेग वाढवण्यासाठी केलेलं हत्यार दोष शोधायला कामी आलं.

ते सामान्य प्रोग्रामरच्या हाती पडलं सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, बेल लॅब्जमध्ये. स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ नावाचं साधन लिहिलं. लिंट म्हणजे कापडावर चिकटणारे बारीक तंतू, लोकरीची कुसळं म्हणा हवं तर. ती वेचून काढायची. त्या काळचे कंपायलर घाईत असत. मिळालेल्या मजकुराचं भाषांतर करून प्रोग्राम चालता करायचा, एवढं त्यांचं काम. लिंट सावकाश, सगळ्या फाइली एकत्र पाहून शंका काढायचं. ही श्रमविभागणी छान होती. एकाने कामाला लागायचं, दुसऱ्याने किरकिर करायची. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

लिंटमध्ये पहिल्यापासून आणखी एक सोय होती. प्रोग्रामरने कोडमध्ये विशिष्ट शेरा लिहिला, की त्या जागेपुरती लिंटची तक्रार बंद व्हायची. उदाहरणार्थ, ‘इथवर प्रोग्राम कधी पोचतच नाही’ असा शेरा. म्हणजे शेवटचा शब्द माणसाचा, हे यंत्र बांधणाऱ्यानेच मान्य केलं होतं. या छोट्याशा सोयीत मोठी समज आहे.

आता फ्रान्समध्ये जाऊ. १९७७ साली पॅट्रिक आणि राधिया कूझो या दांपत्याने ‘अमूर्त अर्थनिर्णया’चा सिद्धान्त मांडला. कल्पना सोपी करून सांगतो. एखाद्या चलाची नेमकी किंमत आपल्याला कळत नसेल, पण ती शून्य आणि शंभर यांच्या मध्येच राहते एवढं सिद्ध करता आलं, तरी पुष्कळ झालं. नेमकेपणा मुद्दाम सोडायचा, पण खात्री सोडायची नाही. आपल्या भाषेत, अतिव्याप्ती पत्करायची आणि अव्याप्ती एकदाही होऊ द्यायची नाही. राइसने घातलेल्या मर्यादेत राहून शोधलेली ही प्रामाणिक वाट आहे.

याची गरज किती, ते ४ जून १९९६ ला जगाने पाहिलं. एरियान-५ या युरोपीय रॉकेटचं ते पहिलं उड्डाण. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट मार्ग सोडून कललं, मोडलं आणि त्याचा स्फोट झाला. चौकशी समितीच्या अहवालात कारण स्पष्ट आहे. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायला गेली आणि मावली नाही. हा कोड एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. तिथे ती संख्या तेवढी मोठी होतच नसे. अशा धोक्याची सात चलं होती. त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, आणि संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून तिघांना विचारपूर्वक दिलं नव्हतं. आणि सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट अशी, की ज्या भागात हे घडलं, त्या भागाचं एरियान-५ ला उड्डाणानंतर कामच नव्हतं. तो जुन्या रॉकेटच्या सवयीने चालू राहिला होता.

इथे थोडं थांबू या. या कोडमध्ये अंकगणिती दोष होता आणि वासही होता. संख्या मावेल की नाही, हे यंत्र शोधू शकतं. पण ‘हा भाग इथे कशाला हवा?’ हा प्रश्न विचारायला रॉकेट कसं उडतं ते माहीत असावं लागतं. ते ज्ञान कोडच्या मजकुरात नव्हतं.

त्यानंतर फ्रान्समध्ये या कामाला वेग आला. २००१ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये ‘आस्त्रे’ या विश्लेषकाचं काम सुरू झालं. २००३ मध्ये आस्त्रेने एअरबस ए-३४० च्या मुख्य उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरच्या सी भाषेतल्या १,३२,००० ओळी तपासल्या, आणि चालताना होणाऱ्या ठरावीक प्रकारच्या चुका त्यात नाहीतच, असं आपोआप सिद्ध केलं. साध्या पीसीवर, सुमारे १ तास २० मिनिटांत, आणि एकही खोटी तक्रार न करता. मग ट्यूरिंग-राइस खोटे पडले का? नाही. त्यांचं म्हणणं सर्व प्रोग्रामांबद्दल होतं. आस्त्रे एका विशिष्ट घराण्याच्या प्रोग्रामांसाठी घडवलं होतं. वैद्य सगळ्या रोगांवर एक औषध देऊ शकत नाही, पण एका रोगात तरबेज होऊ शकतो.

हा झाला सिद्धतेचा मार्ग. आता वासाकडे वळू.

१९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचं ‘रिफॅक्टरिंग’ हे पुस्तक आलं. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रामचं बाहेरचं वागणं न बदलता आतली रचना सुधारणं. घरात माणसं तीच, येणं-जाणं तेच, फक्त भिंती आणि वायरिंग नीट करायचं. ‘वास’ हा शब्द केंट बेक यांनी सुचवलेला. दोघांनी मिळून त्यावर एक प्रकरण लिहिलं आणि बावीस वास नोंदवले. तेच कोड दोन-चार ठिकाणी उतरवलेलं. एकच फंक्शन मैलभर लांब. एकाच क्लासच्या डोक्यावर सगळा संसार. आणि एक गमतीचा वास असा, की एखादं फंक्शन स्वतःच्या घरच्यापेक्षा शेजारच्याच्या माहितीत जास्त रस घेतं. आपल्या वाड्यांमधून अशी माणसं असायचीच. रूपकाचा उगमही घरगुती आहे : तान्ह्या बाळाचं दुपटं. वास आला की बदलावं.

आता या प्रकरणातली जी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती सांगायची आहे. रिफॅक्टरिंग कधी करावं याचे पक्के निकष द्यायला लेखकांनी नकार दिला होता. जाणत्या माणसाच्या अंदाजाची बरोबरी कुठलीही मोजमापं करू शकत नाहीत, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. वास म्हणजे निदान नव्हे. वास म्हणजे ‘जरा इकडे बघा’ एवढंच.

पुढे काय झालं? तर दोन-तीन वर्षांत चेकस्टाइल, पीएमडी अशी साधनं आली आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. ओळी इतक्यांहून जास्त, लांब फंक्शन. पॅरामीटर इतक्यांहून जास्त, वास. मेरिलंड विद्यापीठात बिल प्यू आणि डेव्हिड होव्हमेयर यांनी ‘फाइंडबग्ज’ केलं. जावामधल्या ठरावीक चुकांचे साचे शोधणारं हे साधन होतं. त्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की तरबेज लोकांनी लिहिलेल्या, प्रत्यक्ष वापरात असलेल्या कोडमध्येही अगदी बाळबोध चुका भरपूर सापडतात. हे काम मोलाचं होतं, त्यात शंका नाही. जिथे साचा स्पष्ट आहे, तिथे यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, जेवणानंतर त्याला डुलकी येत नाही.

अडचण कुठे येते? फंक्शनचा आकडा पंधरा आला म्हणून कुणीतरी त्याचे तीन तुकडे करतो. आकडा उतरतो, पडद्यावरचा लाल दिवा हिरवा होतो. पण वाचणाऱ्याला आता एकाऐवजी तीन ठिकाणी जावं लागतं. ताप उतरवायला थर्मामीटर थंड पाण्यात बुडवण्यातला हा प्रकार.

यापेक्षा गंभीर उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचं आहे. तिथलं साधन प्रोग्राम चालवून तपासणारं होतं, स्थिर विश्लेषण नव्हे. पण धडा दोघांनाही लागू आहे. ओपनएसएसएल हे गुप्ततेचं सॉफ्टवेअर. स्मृतीतला काही भाग किंमत न देताच वापरला जातोय, अशी तक्रार साधनाने केली. २००६ मध्ये ती तक्रार बंद व्हावी म्हणून संबंधित ओळी काढल्या गेल्या. तक्रार बंद झाली. पण त्यातल्याच एका ओळीतून यादृच्छिकता आत येत होती, म्हणजे किल्ली बनवताना लागणारा बेभरवशाचेपणा. तो गेला. उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता ३२,७६८. ज्या किल्ल्या विश्वाच्या अंतापर्यंत ओळखता येऊ नयेत, त्या थोड्या वेळात मोजून काढता येऊ लागल्या. हे उघड झालं मे २००८ मध्ये. जवळपास दोन वर्षं सगळं ‘स्वच्छ’ दिसत होतं. लक्षण गेलं आणि रोग मागे ठेवून गेलं.

आता उलट बाजूही पाहू, नाहीतर आम्ही यंत्रांच्या विरोधात बोलतोय असं वाटेल. फेब्रुवारी २०१४. अ‍ॅपलच्या फोनमध्ये आणि संगणकांमध्ये सुरक्षित जोडणी तपासणारा जो कोड होता, त्यात ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. पहिली अटीखाली होती. दुसरी नव्हती, पण मजकुरात तितकीच आत सरकवलेली, त्यामुळे डोळ्यांना तीही अटीखालचीच वाटे. परिणाम असा, की उडी नेहमीच बसायची आणि सहीची शेवटची तपासणी न होताच ‘सगळं ठीक’ असं उत्तर जायचं. माणसाचा डोळा इथे फसला. पण त्या उडीखालचा कोड कधी चालूच शकत नाही, हे यंत्राला सहज कळण्यासारखं होतं. क्लँग या कंपायलरमध्ये तशी सूचना होतीही. मात्र ती नेहमीच्या सूचनांच्या संचात नव्हती, वेगळी मागावी लागे. पुढे २०१६ मध्ये जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीबद्दलची खास सूचना आली.

डायक्स्ट्रांच्या पत्रानंतर सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा गोटूच! पण दोष गोटूचा होता का? लिनक्सच्या गाभ्यात काम अर्धवट सुटलं तर आवराआवर करण्यासाठी गोटू सर्रास आणि शिस्तीने वापरतात. ‘गोटू दिसला की वास’ हा नियम अतिव्याप्त आहे. ‘जिथे पोचताच येत नाही असा कोड’ हा नियम पुष्कळ नेमका आहे. सगळे नियम सारखे नसतात, हे त्यातून घ्यायचं.

आणखी एक अनुभव फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये लिहिला आहे. ‘इन्फर’ नावाचं त्यांचं साधन. याच्या मुळाशी ‘अ‍ॅबडक्शन’ हा तर्कप्रकार आहे, जो तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी मांडला. कार्य दिसलं की त्याला पुरेल असं कारण कल्पायचं. तर आधी त्यांनी रात्रभर विश्लेषण करून दोषांची यादी प्रोग्रामरांना दिली. दुरुस्तीचं प्रमाण जवळजवळ शून्य. मग तेच विश्लेषण, प्रोग्रामर बदल पाठवतो त्याच क्षणी, सहकाऱ्याच्या शेऱ्यासारखं दाखवलं. दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. विश्लेषण तेच, फक्त वेळ बदलली. बदल डोक्यात ताजा असताना माणूस विचार करतो, महिन्यांपूर्वीच्या कोडबद्दलच्या यादीने तो फक्त वैतागतो. शिक्षकांना हे माहीत आहे. वही तपासून दुसऱ्या दिवशी दिली तर मुलं चुका पाहतात, वर्षाअखेरीस दिली तर गुण पाहतात.

आपल्याकडेही हे काम परकं नाही. पुण्यात टाटा समूहाची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ मध्ये सुरू झाली, आणि तिथे स्थिर विश्लेषणाची साधनं बांधली गेली. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी हा विषय वर्षानुवर्षं शिकवला. बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. हिंजवडीत किंवा खराडीत जी मुलंमुली रोज लाल-हिरवे दिवे पाहतात, त्यांनी त्यामागचं हे गणित एकदा तरी उघडून पाहावं.

मग या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आमच्या मते तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकायचं. पहिली सिद्धता : संख्या मावेल की नाही, यासारखं. इथे यंत्राचं ऐकावं. दुसरी साचा : ठराविक, ओळखीची चूक. इथे यंत्राने बोट दाखवावं, माणसाने बघून दुरुस्त करावं. कधी यंत्राने सुचवलेली दुरुस्ती वाचून स्वीकारावी. तिसरा वास : ही रचना उद्या कुणाला समजेल का, हा भाग इथे का आहे? इथे यंत्राचा आकडा ही केवळ बातमी. निर्णय माणसाचा. घोटाळे होतात ते तिसऱ्याला पहिल्याचा मान दिला की, किंवा वैतागून पहिल्याला तिसऱ्याइतकंच हलकं घेतलं की.

१७८१ मध्ये कांटने एक अडचण मांडून ठेवली आहे. नियम कुठे लावायचा हे सांगायला दुसरा नियम लागला, तर त्याच्यासाठी तिसरा लागेल. कुठेतरी नियम संपतात आणि विवेक सुरू होतो. आणि विवेक शिकवता येत नाही, तो सरावाने येतो. म्हणून आमची खरी काळजी यंत्राच्या नाकाबद्दल नाही, नव्या मुलांच्या नाकाबद्दल आहे. आता तर कोड लिहायलाही यंत्रच पुढे आलं आहे. यंत्राने लिहायचं, यंत्राने हुंगायचं, यंत्राने दुरुस्त करायचं, आणि माणसाने फक्त हिरवा दिवा पाहून ‘चला’ म्हणायचं. असं झालं तर एरियानच्या त्या कोडकडे पाहून ‘अरे, पण हे इथे चालू का आहे?’ असं विचारणारा माणूस तयार कुठे होणार?

उपाय फार मोठा नाही. यंत्राने तक्रार केली की ती बंद करण्याआधी ती तक्रार का आली, हे एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं तर खुशाल दुरुस्त करा, किंवा लिंटच्या काळासारखा शेरा लिहून तिला गप्प करा. सांगता आलं नाही, तर हात लावू नका, जाणत्याला विचारा. डेबियनच्या त्या ओळींपाशी एवढं एक वाक्य पक्कं झालं असतं, तर दोन वर्षांच्या किल्ल्या वाचल्या असत्या.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या वेळी निवडक प्रश्न आधी घेऊ आणि मग पुढे जाऊ.